एक कागद, तीन वाचक

‘नामांकित व प्रगतिशील संस्थेत काम करून माझ्या ज्ञानाचा आणि कौशल्याचा संस्थेच्या व स्वतःच्या प्रगतीसाठी उपयोग करणे.’ नोकरीच्या सीव्हीत नावाखाली ‘ऑब्जेक्टिव्ह’ म्हणून येणारं हे वाक्य बहुतेक वेळा इंग्रजीत असतं, पण अर्थ हाच. नांदेडला बी.कॉम. झालेल्या मुलाच्या कागदावर ते असतं, चाकणला वेल्डरचं काम शोधणाऱ्याच्या कागदावर असतं आणि हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी हवी असलेल्या मुलीच्याही. कॉलेजजवळच्या डीटीपीच्या दुकानात एक तयार फाइल असते. तीत नाव, पत्ता आणि टक्केवारी बदलली की प्रिंट हातात. वाक्यात चूक काहीच नाही. फक्त ते वाचून अर्जदाराविषयी काही कळत नाही.

आपल्याकडे सीव्ही लिहायला बसलेला माणूस स्वतःची ओळख करून द्यायला बसतो. स्थळ पाहताना पाठवायच्या बायोडाटासारखं मग वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, धर्म, छंद अशी यादी होते आणि काम शेवटी कुठेतरी येतं. कागद वाचणाऱ्याला मात्र एकच प्रश्न पडलेला असतो : आमच्याकडचं हे काम या माणसाला जमेल का? मध्यम किंवा मोठ्या कंपनीत हा प्रश्न तीन जण वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारतात. आधी सॉफ्टवेअर, मग एचआर, शेवटी ज्या विभागात जागा आहे तिथला प्रमुख. या तिघांची गरज ओळखून लिहिलं, तर अर्ज मुलाखतीपर्यंत पोचण्याची शक्यता वाढते.

पहिला वाचक : सॉफ्टवेअर

कंपनीच्या वेबसाइटवर अर्ज केला की फाइल बहुतेक ठिकाणी अर्ज हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जाते. त्याला एटीएस म्हणतात. ते फाइलमधला मजकूर उपसून नाव, फोन, शिक्षण, अनुभव अशा रकान्यांत भरतं. नंतर भरती करणारा त्यात शब्द टाकून शोधतो. म्हणजे मजकूर नीट उपसला गेला नाही किंवा शोधलेला शब्द तुमच्या कागदात नसला, तर तुम्ही यादीत खाली जाता किंवा दिसतच नाही.

दिसायला देखणे सीव्ही इथे मार खातात. दोन कॉलमांची मांडणी केली तर काही सॉफ्टवेअर डावी आणि उजवी ओळ एकत्र वाचतात; ‘पुणे विद्यापीठ’च्या शेजारी ‘एक्सेल, मराठी टायपिंग’ येऊन बसतं. चौकटीत, चित्रात किंवा पानाच्या वरच्या हेडरमध्ये टाकलेला मोबाइल नंबर हरवू शकतो. कौशल्यापुढे पाचपैकी चार तारे रंगवले, तर त्यातून सॉफ्टवेअरला काही कळत नाही आणि माणसालाही. मोबाइलनं फोटो काढून केलेली पीडीएफ म्हणजे सॉफ्टवेअरच्या दृष्टीनं एक चित्र. मराठीत अर्ज करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट : श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आपल्याला कागदावर मराठी दिसतो, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती निरर्थक चिन्हांची रांग असते. मराठी नेहमी युनिकोडमध्येच टाइप करावं.

याची चाचणी सोपी आहे. आपली पीडीएफ उघडा, सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे जे आणि ज्या क्रमानं दिसेल, साधारण तेच सॉफ्टवेअरला दिसतं. नोटपॅडमध्ये वाचता येत असेल तर मांडणी ठीक आहे.

दुसरा मुद्दा शब्दांचा. जाहिरातीत ‘अकाउंट्स पेएबल’ लिहिलं असेल आणि तुम्ही तेच काम ‘पुरवठादारांची पेमेंट पाहणे’ असं लिहिलं असेल, तर काम एक असूनही शोधात नाव येणार नाही. म्हणून जे काम खरोखर केलं आहे त्यासाठी जाहिरातीतलाच शब्द वापरावा. संक्षेप आणि पूर्ण रूप, दोन्ही एकेकदा यावेत. जाहिरातीतले शब्द पांढऱ्या रंगात लपवून भरायची युक्ती कुणी सुचवली तर ऐकू नका. मजकूर उपसल्यावर रंग राहत नाही, शब्द उघडे पडतात आणि लबाडीही.

१९९७ साली सुरू झालेल्या नोकरी डॉट कॉमसारख्या साइटवर हाच खेळ उलट्या दिशेनं चालतो. तिथे भरती करणारा स्वतः उमेदवार शोधतो : कौशल्य, अनुभवाची वर्षं, शहर, सध्याचा पगार, नोटीस पिरियड अशा चाळण्या लावून. प्रोफाइलमधला एक रकाना रिकामा राहिला की त्या चाळणीतून आपण गळतो. फाइल अपलोड करून काम संपत नाही. रकाने भरावे लागतात आणि अधूनमधून प्रोफाइल ताजं ठेवावं लागतं.

दुसरा वाचक : एचआर

सॉफ्टवेअरच्या पलीकडे एचआरमधला माणूस असतो. त्याच्यासमोर एका जागेसाठी अर्जांचा ढीग असतो आणि अशा जागाही अनेक असतात. ‘लॅडर्स’ या नोकरीविषयक अमेरिकन कंपनीनं २०१८मध्ये भरती करणाऱ्यांच्या डोळ्यांची हालचाल टिपून पाहिली, तेव्हा सीव्हीवरची पहिली नजर सरासरी ७.४ सेकंदांची निघाली. आकडा आपल्याकडे थोडा इकडेतिकडे असेल, पण ही वाचायची वेळ नव्हे, चाळायची वेळ आहे, एवढं त्यातून नक्की कळतं.

चाळणाऱ्याला काय हवं असतं? माणूस सध्या कुठे आहे, कोणत्या पदावर, किती वर्षं, कोणत्या शहरात आणि कधी रुजू होईल. ही उत्तरं पानाच्या वरच्या एक तृतीयांश भागात सापडली पाहिजेत. नाव, मोबाइल, साधा ईमेल, शहर. त्याखाली दोन-तीन ओळींचा गोषवारा. ‘ऑब्जेक्टिव्ह’ची जागा या गोषवाऱ्याला द्यावी. पुढे अनुभव, अलीकडचा आधी. मग शिक्षण आणि कौशल्यं. नव्यानं नोकरी शोधणाऱ्याला एक पान पुरतं. दहा-बारा वर्षांच्या अनुभवालाही दोन पानं खूप झाली. प्राध्यापक, संशोधक यांचा सीव्ही मात्र लांबतो, कारण तिथे प्रकाशनांची यादी हाच पुरावा असतो. सरकारी भरतीत सीव्हीपेक्षा ठरलेला ऑनलाइन अर्ज महत्त्वाचा. तिथे जाहिरातीतल्या सूचना शब्दशः पाळणं एवढंच हातात असतं.

फाइलचं नावही एचआर पाहतो. ‘रेझ्युमे फायनल न्यू २’ या नावाच्या फाइली त्याच्याकडे ढिगानं असतात. स्वतःचं नाव आणि पद, एवढं फाइलला नाव म्हणून पुरे.

एचआरची नजर अडखळते ती मधल्या रिकाम्या वर्षांवर. महाराष्ट्रात या वर्षांचं एक ठरावीक उत्तर आहे : एमपीएससी. पदवीनंतर तीन-चार वर्षं पुण्यात सदाशिव पेठेतल्या किंवा गावातल्या अभ्यासिकेत घालवलेली हजारो मुलं-मुली पुढे खासगी नोकरीकडे वळतात आणि ही वर्षं झाकायची कशी, या काळजीत असतात. झाकू नयेत. ‘२०२० ते २०२३ : राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी’ अशी एक ओळ लिहावी. पूर्वपरीक्षा उत्तीर्ण झाली असेल तर तेही लिहावं. त्याच काळात क्लासमध्ये शिकवलं असेल, उत्तरपत्रिका तपासल्या असतील, तर ते काम म्हणून नोंदवावं. बाळंतपण, मुलांचं संगोपन, घरातलं आजारपण यांसाठी घेतलेल्या सुट्टीलाही हाच नियम : एक ओळ, खुलासा नको. कारण लिहिलेलं असलं की वाचणारा पुढे जातो. कोरी जागा दिसली की तर्क सुरू होतात.

तिसरा वाचक : विभागप्रमुख

खरा निर्णय इथे होतो. अकाउंट्सचा मॅनेजर, शॉपफ्लोअरचा इनचार्ज, शाळेचे मुख्याध्यापक हे स्वतः ते काम जाणतात. ‘मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करण्याची आवड’ या शब्दांवर ते थांबत नाहीत. त्यांना कामाचा तपशील हवा असतो.

समजा, सांगलीच्या एका कर सल्लागाराकडे दोन वर्षं काम केलेली मुलगी अर्ज करते आहे. तिच्या सीव्हीत ओळ अशी : ‘अकाउंट्स व जीएसटीची सर्व कामे केली. टॅलीचे उत्तम ज्ञान.’ आता तिनं रोज काय केलं ते विचारलं, तर ओळी अशा होतात :

‘हळद व बेदाणा व्यापारातल्या १८ क्लायंटच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी टॅली प्राइममध्ये. दरमहा जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी तयार करणे. जीएसटीआर-२बीशी खरेदीच्या नोंदी ताडून, न दिसणाऱ्या बिलांसाठी पुरवठादारांकडे पाठपुरावा. बँक रिकन्सिलिएशन.’

एकही विशेषण नाही, पण अकाउंट्सच्या मॅनेजरला यातून पुष्कळ कळतं. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांना जीएसटीआर-१साठी ११ तारीख आणि ३बीसाठी २० तारीख गाठावी लागते. १८ क्लायंट म्हणजे ही मुलगी दर महिन्याला त्या धावपळीत राहिलेली आहे. पुरवठादारानं बिल दाखवलं नाही तर इनपुट क्रेडिट अडतं, हे तिला ठाऊक आहे आणि फोन करून ते सोडवण्याची सवयही आहे. ‘मेहनती’ हा शब्द तिनं न लिहिताच सिद्ध केला.

कारखान्यातही हेच. ‘व्हीएमसी ऑपरेटर, ३ वर्षे अनुभव’ एवढ्यानं इनचार्जचं भागत नाही. नुसता जॉब लावून बटण दाबणारा ऑपरेटर, स्वतः सेटिंग करणारा सेटर आणि प्रोग्राम लिहिणारा प्रोग्रामर यांच्या पगारांत बरंच अंतर असतं. म्हणून लिहावं : कोणता कंट्रोल (फॅनक की सीमेन्स), कोणत्या धातूचे कसले पार्ट, ड्रॉइंग पाहून सेटिंग आणि टूल ऑफसेट स्वतः देता येतं का, पहिला पीस मायक्रोमीटर आणि बोअर गेजनं कोण तपासत होतं, किती टॉलरन्सपर्यंत काम केलं. चार ओळींत इनचार्जला कळतं की हा माणूस सोमवारी मशीनवर उभा राहू शकेल की त्याला महिनाभर शिकवावं लागेल.

प्रत्येक कामाला आकडा सापडेलच असं नाही. तिथे वारंवारता सांगावी : रोज, दर आठवड्याला, दर महिन्याला. साधन सांगावं. परिणाम ठाऊक असेल तर तोही. सगळ्या टीमनं मिळून केलेलं काम एकट्याच्या नावावर खपवू नये. ‘चार जणांच्या टीममध्ये डेटा तपासणीची जबाबदारी माझ्याकडे’ हे वाक्य मोठेपणा मिरवणाऱ्या वाक्यापेक्षा जास्त टिकतं, कारण मुलाखतीत पुढचा प्रश्न त्यावरच येतो.

अनुभव नसेल तर

फ्रेशरची अडचण खरी आहे, पण कोरी पाटी फार थोड्यांची असते. शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट चौघांनी मिळून केलं असेल तर त्यात आपण काय केलं ते लिहावं : सर्किट जोडलं, कोड लिहिला, की फक्त रिपोर्ट टाइप केला. बाजारातून तयार आणलेलं प्रोजेक्ट असेल, तर मुलाखतीतल्या दुसऱ्या प्रश्नाला ते उघडं पडतं. आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांनी १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली केलेली अप्रेंटिसशिप ‘प्रशिक्षण’ म्हणून तळाशी ढकलू नये. ती अनुभवात वर घ्यावी आणि कोणत्या विभागात किती महिने, तेही सांगावं. मामाच्या किराणा दुकानात दोन उन्हाळे हिशेब ठेवला, घरच्या दुधाचा हिशेब मोबाइलवर बसवला, दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या, गणेशोत्सवात मंडळाच्या वर्गणीचा हिशेब सांभाळला, हे सगळं काम आहे. ‘वाचन, क्रिकेट, संगीत ऐकणे’ या छंदांपेक्षा त्याला वजन जास्त.

काय गाळायचं

धर्म, जात, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय यांचा कामाशी संबंध नाही आणि नुकसान मात्र होऊ शकतं. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. वृत्तपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावांत होता. दलित आणि मुस्लिम वाटणाऱ्या नावांच्या अर्जांना सवर्ण हिंदू नावांच्या तुलनेत कमी बोलावणी आली. आडनाव कुणी बदलू शकत नाही आणि बदलावं लागू नये. हा दोष अर्जाचा नाही, वाचणाऱ्याचा आहे. पण जी माहिती मागितलेली नाही आणि जिचा कामाशी संबंध नाही, ती स्वतःहून पुरवण्याचं कारण नाही.

आधार आणि पॅनचे नंबर सीव्हीत कधीही टाकू नयेत. हा कागद कुणाकुणाच्या हाती जाईल सांगता येत नाही आणि नोकरीच्या नावानं फसवणारे अशाच माहितीवर टपलेले असतात. नोकरी लावण्यासाठी ‘रजिस्ट्रेशन’ किंवा ‘डिपॉझिट’ मागणाऱ्यांपासून दूरच राहावं. ‘वरील माहिती सत्य आहे’ हे डिक्लेरेशन आणि सही, हेही खासगी नोकरीच्या अर्जात गरजेचं नाही.

परदेशी अर्ज करणाऱ्यांनी त्या देशाची रीत पाहावी. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये फोटो, वय, वैवाहिक स्थिती देत नाहीत. तिथल्या भेदभावविरोधी कायद्यांमुळे कंपन्यांना ही माहिती अर्जात नकोच असते. जर्मनीत फोटो लावण्याची पद्धत अजून बरीच आहे. आखाती देशांत राष्ट्रीयत्व आणि व्हिसाची स्थिती विचारली जाते.

सोबतचं पत्र

कव्हर लेटरची गरज सगळीकडे नसते. पण लहान कंपनी, सामाजिक संस्था, शाळा, वृत्तपत्र, परदेशी अर्ज किंवा क्षेत्र बदलताना ते उपयोगी पडतं. ईमेलनं सीव्ही पाठवत असाल तर ईमेलचा मजकूर हेच तुमचं पत्र. तिथे ‘सोबत सीव्ही जोडला आहे, कृपया पाहावा’ एवढंच लिहून बरेच जण ती जागा वाया घालवतात.

पत्रात सीव्हीचीच पुनरुक्ती करू नये. नोकरी देणाऱ्याची गरज काय आणि आपल्या कामातलं काय तिला नेमकं लागू पडतं, एवढाच त्याचा विषय. सुमारे १४८२ साली लिओनार्दो दा विंचीनं मिलानचा सत्ताधीश लुडोव्हिको स्फोर्झा याच्याकडे काम मागण्यासाठी तयार केलेल्या पत्राचा मसुदा आजही उपलब्ध आहे. त्यात क्रमवार मुद्दे आहेत आणि ते बहुतेक युद्धाचे : हलवता येणारे पूल, तोफा, वेढा घालण्याची साधनं. चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी. मिलानला त्या वेळी लढायांसाठी अभियंता हवा होता, हे त्यानं ओळखलं होतं.

आपल्या सांगलीच्या मुलीला तासगावच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अकाउंटंटची जागा दिसली, तर तिचं पत्र असं होईल :

‘आपल्या जाहिरातीत जीएसटीचं काम स्वतंत्रपणे सांभाळणारा अकाउंटंट हवा असल्याचं म्हटलं आहे. गेली दोन वर्षं मी सांगलीत एका कर सल्लागाराकडे १८ व्यापाऱ्यांची मासिक रिटर्न तयार करते. त्यांत बेदाण्याचे अडते आणि व्यापारी आहेत, त्यामुळे या व्यवहारातल्या अडत, हमाली आणि साठवणूक भाड्याच्या नोंदी माझ्या सवयीच्या आहेत. अनेक क्लायंटची कामं वरवर पाहण्याऐवजी एकाच व्यवसायाचे हिशेब पूर्णपणे सांभाळावेत, अशी इच्छा आहे. सध्याच्या ठिकाणी ३० दिवसांची नोटीस देऊन रुजू होऊ शकते. भेटीसाठी कोणत्याही दिवशी दुपारी चारनंतर येऊ शकेन.’

पत्र सहा वाक्यांत संपलं. जाहिरातीचा धागा, पुरावा, बदलाचं कारण, रुजू होण्याची तारीख, भेटीची वेळ. स्तुती नाही, गयावया नाही. पगाराची अपेक्षा विचारली नसेल तर लिहू नये.

चॅटजीपीटीसारख्या साधनांकडून पत्र लिहून घेणारे आता खूप आहेत. इंग्रजी सुधारून घ्यायला ती चांगली आहेत. पण बेदाण्याच्या अडतीचा तपशील तुम्ही दिल्याशिवाय त्यांना माहीत नसतो. तो न देता पत्र मागितलं तर शंभर जणांना एकाच वळणाचं पत्र मिळतं.

खोटं किती टिकतं

अनुभव सहा महिन्यांनी वाढवणं, मधली एक नोकरी गाळणं, पैसे देऊन अनुभवाचं पत्र मिळवणं, हे प्रकार आपल्याकडे चालतात. पकडले जाण्याची सोयही तितकीच वाढली आहे. २०१४पासून भविष्यनिर्वाह निधीच्या सदस्याला यूएएन हा एकच क्रमांक मिळतो आणि त्याखाली प्रत्येक नोकरीत रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख नोंदली जाते. बऱ्याच कंपन्या नेमणुकीआधी किंवा रुजू झाल्यावर ही नोंद, पेस्लिपा आणि रिलीव्हिंग लेटर ताडून पाहतात. तफावत निघाली तर ऑफर रद्द होते, कधी लागलेली नोकरीही जाते. केटी लागली होती, एक नोकरी चार महिन्यांत सोडली, या गोष्टी मुलाखतीत दोन वाक्यांत समजावता येतात. पकडलेलं खोटं समजावता येत नाही.

शेवटी एक काम नोकरी शोधत नसलेल्यांसाठी. एक साधी फाइल उघडून ठेवा आणि तीत दर महिन्याला चार ओळी लिहा : कोणतं काम केलं, किती, कशावर, काय साधलं. ग्राहकांची नावं आणि कंपनीची गुपितं तेवढी वगळा. सीव्ही लिहायची वेळ येते तेव्हा जुन्या ऑफिसचा लॅपटॉप परत गेलेला असतो, ईमेल बंद झालेला असतो आणि आकडे आठवत नाहीत. ही फाइल असेल, तर प्रत्येक जाहिरातीसाठी तिच्यातून हव्या त्या ओळी निवडून अर्ज तासाभरात तयार होतो. या महिन्याच्या चार ओळी आजच लिहा.